१९३६ चा उन्हाळा आणि एम. जे. गोपालन

कसोटी क्रिकेटच्या नोंदीत एम. जे. गोपालन या नावापुढे एकच ओळ आहे. सामना १, धावा १८, सर्वोच्च नाबाद ११, बळी १. नव्वद वर्षांत ही ओळ जराही बदललेली नाही. तिच्यावरून नजर फिरवून पुढं जाणाऱ्याला कळतही नाही, की हाच माणूस ध्यानचंद यांच्याबरोबर भारताच्या हॉकी संघातून न्यूझीलंडला गेला होता. रणजी करंडकाच्या इतिहासातला पहिला चेंडू याच माणसाच्या हातून सुटला होता, हेही त्या ओळीत कुठं नाही.

ज्यांना गोपालन ठाऊक आहेत, त्यांनाही ते बहुधा एका हळहळीपुरते ठाऊक असतात. ऑलिंपिकचं सुवर्णपदक सोडून क्रिकेटच्या मागं गेला आणि हाती काहीच लागलं नाही, ही ती हळहळ. मला ती पटत नाही. १९३६ च्या वसंतात त्यांच्यापुढं नेमकं काय होतं आणि त्यांना काय माहीत असणं शक्य होतं, हे नीट मांडलं, की चुकीचं माप दुसऱ्याच कुणाच्या तरी पदरात पडतं.

मोरप्पाकम जोस्यम गोपालन यांचा जन्म ६ जून १९०९ चा. गाव मोरप्पाकम, मद्रासजवळच्या चेंगलपट्टू भागातलं. लहानपणीच घर मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये आलं. ट्रिप्लिकेन म्हणजे तमिळ लोकांचं तिरुवल्लिकेणी. पार्थसारथी मंदिराभोवतीच्या गल्ल्या, एका बाजूला समुद्र आणि हाकेच्या अंतरावर चेपॉकचं मैदान. त्या गल्ल्यांतली पोरं क्रिकेट खेळत आणि हॉकीही. त्या काळी दोन्ही खेळांना जमीन एकच लागे, कडक आणि सपाट. क्रिकेटसाठी तिच्यावर काथ्याची मॅट अंथरायची, हॉकीसाठी चुन्याच्या रेषा मारायच्या. एका हंगामात हातात चेंडू, दुसऱ्यात स्टिक, असं त्यांचं वर्ष सरायचं.

या पोराला हेरलं सी. पी. जॉन्स्टन यांनी. जॉन्स्टन म्हणजे मद्रासच्या युरोपियन क्रिकेटमधलं बडं प्रस्थ आणि बर्मा शेल कंपनीतले अधिकारी. त्यांनी गोपालन यांना कंपनीत नोकरी मिळवून दिली. पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ही नोकरी ध्यानात ठेवावी लागते. गोपालन राजघराण्यातले नव्हते, त्यांच्यामागं कुठला संस्थानिक नव्हता. महिन्याचा पगार आणि खेळासाठी सुटी या दोन गोष्टींवर त्यांचं खेळणं उभं होतं आणि या दोन्ही गोष्टी त्यांना क्रिकेटमुळं मिळाल्या होत्या.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ते १९२६-२७ च्या हंगामात आले. उजव्या हातानं वेगवान-मध्यमगती गोलंदाजी आणि गरजेला उभी राहणारी फलंदाजी. मद्रासमध्ये तेव्हा दरवर्षी पोंगलच्या सुमारास भारतीय विरुद्ध युरोपियन असा प्रेसिडेन्सी सामना होई. आपल्याकडं मुंबईची चौरंगी, पंचरंगी लढत जशी गाजे, तशी तिकडं ही. गोपालन याच सामन्यांत घडले.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा इंग्लंड संघ भारतात आला. भारताच्या भूमीवरची ही पहिलीच कसोटी मालिका आणि भारताचे कर्णधार होते नागपूरचे सी. के. नायडू. ५ जानेवारी १९३४ ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर सुरू झालेल्या दुसऱ्या कसोटीत गोपालन यांना संधी मिळाली. मुश्ताक अली यांचंही पदार्पण त्याच सामन्यातलं. यष्टिरक्षक दिलावर हुसेन यांच्या डोक्याला चेंडू लागला, पट्टी बांधून ते परत मैदानात उतरले आणि ५९ आणि ५७ करून गेले. आपल्याला फॉलोऑन मिळाला तरी सामना वाचला. गोपालन यांच्या वाट्याला ३९ धावांत १ बळी, नाबाद ११ आणि ७.

तिसरी कसोटी फेब्रुवारीत मद्रासला होती. चेपॉकवरची ती पहिली कसोटी, गोपालन यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. संघात त्यांचं नाव नव्हतं. महंमद निसार आणि अमर सिंग ही जोडी तेव्हा भारताची नवा चेंडू टाकणारी होती आणि त्या दोघांच्या तोडीचं दुसरं कुणी देशात नव्हतं. अमर सिंग यांनी मद्रासच्या त्या कसोटीत ८६ धावांत ७ बळी घेतले. गोपालन यांची अडचण त्यांच्या कुवतीची कमी आणि काळाची जास्त होती. आणखी पंधरा वर्षांनी जन्मले असते, तर आपल्या संघाला त्यांच्यासारखा गोलंदाज शोधत हिंडावं लागलं नसतं.

त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर समोरासमोर आले. रणजी करंडकाचा हा पहिलावहिला सामना. पहिला चेंडू गोपालन यांचा, समोर एन. कर्टिस. त्या दिवशी जे घडलं ते आजही नवलाचं वाटतं. म्हैसूर ४८ वर बाद, मद्रास १३०, पुन्हा म्हैसूर ५९ वर बाद. उजाडताना सुरू झालेली लढत मावळतीआधी संपली, एका डावानं. ए. जी. राम सिंग यांनी सामन्यात ३५ धावांत ११ बळी घेतले आणि सगळी चर्चा साहजिकच त्यांची झाली. गोपालन यांच्याकडं राहिला तो पहिला चेंडू. आमच्या वऱ्हाडचं नावही त्याच हंगामात करंडकाच्या यादीत होतं, ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ असं जोडून. बुलढाण्यातलं एखादं पोर तेव्हा मोठं क्रिकेट खेळलं असतं, तर त्याच संघातून.

आता हॉकी.

१९२८ ला अॅमस्टरडॅम आणि १९३२ ला लॉस एंजेलिस अशी दोन सुवर्णपदकं भारताकडं होती. १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली संघ न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला, त्यात गोपालन होते. या दौऱ्याचे आकडे वाचताना दोनदा तपासावेसे वाटतात. ४८ सामने, ५८४ गोल, त्यांतले २०१ एकट्या ध्यानचंद यांचे. एका सामन्याला सरासरी बारा गोल. बोटीनं आठवडेच्या आठवडे प्रवास, मग आज या गावी तर परवा त्या गावी, ओल्या गवतावर, थंडीत. अशा दौऱ्यात निभावलेला खेळाडू हौसेपुरती हॉकी खेळणारा असूच शकत नाही. कसोटी क्रिकेटपटू असूनही गोपालन त्या संघात शोभले, ही त्यांच्या नोंदीतून गळलेली सगळ्यांत मोठी गोष्ट.

अशा रीतीनं १९३६ उजाडलं. उन्हाळ्यात क्रिकेट संघ इंग्लंडला जाणार होता आणि ऑगस्टमध्ये बर्लिनचं ऑलिंपिक होतं. क्रिकेटच्या दौऱ्यासाठी गोपालन यांची निवड झाली. ऑलिंपिक हॉकीचं दारही त्यांना उघडं होतं. दोन्हीकडं जाणं अशक्य, कारण क्रिकेटचा दौरा एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत चालणारा. त्यांनी क्रिकेट निवडलं.

त्यांच्या जागी बसून विचार करून पाहू. वय सव्वीस. वेगवान गोलंदाजाला इंग्लंडचा दौरा अशा वयात पुन्हा मिळेल याची खात्री नाही. तिथली हवा आणि हिरवळ त्यांच्या गोलंदाजीला अनुकूल. दौऱ्यात तीन कसोट्या आणि कौंटी संघांविरुद्धचे ढीगभर सामने. नोकरी देणारी कंपनी क्रिकेटवाल्यांची. हॉकीची पदकं मोठी खरी, पण हॉकी महासंघाला संघ पाठवण्यासाठी देशभर वर्गणी गोळा करत फिरावं लागे आणि पदक जिंकून परतलेल्या खेळाडूला पोटापाण्यासाठी फौज किंवा रेल्वेचाच आधार असे. या सगळ्याचा हिशेब करणाऱ्या कुणाही समंजस माणसानं तेव्हा तोच निर्णय घेतला असता, असं मला ठामपणे वाटतं.

फसला तो दौरा. कर्णधारपद मिळालं विजयानगरमच्या महाराजकुमारांना, म्हणजे ‘विझी’ यांना. सी. के. नायडूंसारखा माणूस संघात असताना. विझींनी त्या मालिकेत तिन्ही कसोट्या खेळून एकूण ३३ धावा केल्या, सरासरी ८.२५. संघात उभी फूट पडली होती. दौऱ्यात उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून पहिल्या कसोटीआधीच बोटीत बसवून परत पाठवलं. बाका जिलानी यांना ओव्हलच्या कसोटीत जागा मिळाली ती न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान केल्याचं बक्षीस म्हणून, असं त्या संघातल्याच लोकांकडून पुढं सांगितलं गेलं. या कारभाराची चौकशी नंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन ब्युमाँट यांच्या समितीनं केली आणि विझींच्या नेतृत्वावर कडक ताशेरे ओढले.

अशा संघात दरबारी राजकारण न जमणाऱ्या, कंपनीच्या पगारावरच्या मद्रासी गोलंदाजाला कोण विचारणार? अमर सिंग लँकेशायर लीगमध्ये कोल्नकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते आणि कसोट्यांपुरते येऊन सामील होत. लॉर्ड्सवर त्यांनी ३५ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १३४ मध्ये गुंडाळलं. म्हणजे नवा चेंडू पुन्हा निसार आणि अमर सिंग यांच्याच हातात. गोपालन तिन्ही कसोट्यांत बाहेर बसले. शुटे बॅनर्जी यांचीही तीच गत झाली. त्यांना पहिली आणि अखेरची कसोटी मिळायला १९४९ उजाडलं.

आणि १५ ऑगस्ट १९३६. त्या शनिवारी लंडनच्या ओव्हलवर तिसरी कसोटी सुरू झाली. वॉली हॅमंड यांनी २१७ केल्या, वर्दिंग्टन यांच्याबरोबर २६६ धावांची भागी रचली. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हॉकीचा अंतिम सामना होता. खरं तर तो आदल्या दिवशी व्हायचा, पण पावसानं एक दिवस पुढं गेला. भारतानं जर्मनीला ८-१ असं हरवलं. पाच सामन्यांत भारताचे ३८ गोल आणि विरुद्ध एक, तोही त्या अंतिम सामन्यातला. एका दिवशी भारताचे दोन संघ युरोपात खेळत होते. एक पार धुऊन निघत होता, दुसरा जग जिंकत होता. गोपालन पहिल्याबरोबर होते आणि त्या अकरातही नव्हते.

बर्लिनच्या त्या अकरांत आपल्या मातीशी नातं असलेली दोन नावं होती. गोलरक्षक रिचर्ड अॅलन नागपुरात जन्मलेले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्यावर एकही गोल झाला नव्हता. मधल्या फळीतले बाबू निमल पुण्याचे. तीन ऑलिंपिकमध्ये गोल राखणाऱ्या अॅलन यांचं नाव विदर्भात किती जणांना माहीत आहे? सुवर्णपदकं गळ्यात असूनही ते गोपालन यांच्याइतकेच विसरले गेले. पदक मिळालं असतं तर गोपालन आठवणीत राहिले असते, असं मानणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

त्याच दौऱ्यातला आणखी एक मद्रासी दोन खेळांचा होता. कोटा रामस्वामी १९२२ मध्ये डेव्हिस चषकात टेनिस खेळले होते. १९३६ च्या जुलैत मँचेस्टरला वयाच्या चाळिशीत त्यांनी कसोटी पदार्पण केलं, ४० आणि ६० धावा काढल्या. तीच बोट, तोच कर्णधार, तेच शहर. एकाला संधी मिळाली, एकाला नाही.

गोपालन यांच्या अगदी उलट नशीब घेऊन आलेला माणूस इंग्लंडमध्ये सापडतो. सॉमरसेटचे जॅक मॅकब्रायन १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनकडून हॉकी खेळले आणि सुवर्णपदक घेऊन आले. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मँचेस्टरला त्यांना एकमेव कसोटी मिळाली. पाऊस इतका लागला, की इंग्लंडची फलंदाजीच झाली नाही. मॅकब्रायन यांनी कसोटीत ना एक चेंडू खेळला, ना एक टाकला. पदक होतं, कसोटीचा शिक्का होता आणि शिक्क्याच्या आत काहीच नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या ब्रायन बूथ यांना मात्र दोन्ही साधलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हॉकी, पुढं २९ कसोट्या आणि दोन कसोट्यांत कर्णधारपद. जाँटी ऱ्होड्स यांची १९९२ च्या ऑलिंपिकसाठी दक्षिण आफ्रिकेच्या हॉकी संघात निवड झाली होती, पण संघच पात्र ठरला नाही. ज्यांना मैदानावरची त्यांची धाव आठवते, त्यांना ती हॉकीच्या मैदानावर घडली होती हे सांगावं लागत नाही.

हे सगळं बुलढाण्यात बसून लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. बुलढाणा, चिखली, मेहकर वर, मलकापूर, खामगाव, शेगाव खाली. हवा वेगळी, बोली वेगळी. खेळाच्या बाबतीत मात्र पालकांचं बोलणं दोन्हीकडं सारखंच ऐकू येतं. घाटाखाली ते असं म्हटलं जातं : “दोन दोन खेय काहाले? एक धर.” सहावी-सातवीतल्या पोरापोरींना हे सांगितलं जातं. त्यामागं हिशेब आहे आणि तो खोटा नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची उतरंड चढली, तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. जिथं कापूस आणि सोयाबीनचा भाव पावसावर आणि बाजारावर हेलकावे खातो, तिथं खेळाचं प्रमाणपत्र ही घरादाराची आशा असते. गोपालन यांच्यासाठी बर्मा शेल जे होतं, तेच आज इथल्या मुलीसाठी पोलीस भरती आहे.

बुलढाण्याच्या जिजामाता प्रेक्षागाराच्या मैदानावर सकाळी गेलात, तर भरतीची तयारी करणारी मुलंमुली धावताना दिसतात. कडेला टेनिस बॉलचं क्रिकेट चाललेलं असतं, विटांचे स्टंप, एकाच बॅटवर दहा-बारा जण. हॉकीची स्टिक क्वचितच दिसते. ही पोरांची नावड समजू नये. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली, त्याच ऑलिंपिकमध्ये भारत सातवा आला. त्यानंतर मोठी हॉकी ज्या गावात असं मैदान आहे तिथंच शिकता येऊ लागली. ते अंथरायला कोट्यवधी रुपये लागतात, ते भिजवायला पाणी लागतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावांनी ते कुठून आणावं? मुरमाच्या मैदानावर शिकलेला पोरगा निळ्या टर्फवर पहिल्यांदा उतरतो, तेव्हा चेंडू त्याच्या अंदाजाच्या दुप्पट वेगानं येतो. ट्रिप्लिकेनमध्ये एकाच मैदानावर जे दोन खेळ नांदत होते, त्यांची जमीनच वेगळी झाली. म्हणून दुसरा गोपालन आपल्याकडं सहजी होणार नाही.

तरी हा जिल्हा खेळात मागं नाही. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंड तिरंदाजीच्या सांघिक सुवर्णपदकाचा वाटेकरी होता. त्याच्या संघात नागपूरचा ओजस देवतळेही होता. विदर्भाच्या क्रिकेट संघानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. आणि दोन खेळांचं म्हणाल, तर जेमिमा रॉड्रिग्ज महाराष्ट्राच्या कुमारी गटाच्या संघांतून हॉकी खेळलेली आहे. २०२५ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करताना तिची एकेरी-दुहेरी धावांमागची पळापळ ज्यांनी पाहिली, त्यांनी तिच्या पायांतली हॉकीही पाहिली. तिलाही शेवटी एक निवडावं लागलं. पण ते तिनं दोन्ही खेळ अंगात मुरल्यावर निवडलं. आमच्याकडं ही निवड फार लवकर लादली जाते. सतराव्या वर्षापर्यंत मुलांना दोन्ही खेळू द्यावं आणि तालुक्याच्या स्पर्धांच्या तारखा एकमेकांवर येणार नाहीत एवढं तरी जिल्ह्यानं पाहावं, असं मला कळकळीनं वाटतं.

गोपालन इंग्लंडहून परतले आणि खेळत राहिले. कसोटीचं दार पुन्हा उघडलं नाही. पुढं महायुद्धात काही वर्षं कसोट्याच झाल्या नाहीत. मद्रासचं कर्णधारपद त्यांनी सांभाळलं. १९५१-५२ पर्यंत, म्हणजे बेचाळिशीपर्यंत, ते प्रथम श्रेणी सामने खेळले. ७८ सामने, १९४ बळी, २,९१६ धावा. कसोटीच्या एका ओळीमागं पंचवीस वर्षांचं हे काम आहे. नंतर ते राष्ट्रीय निवड समितीवरही होते. संघाबाहेर बसण्याचा अर्थ ज्याला पुरता कळला होता, असा माणूस निवडीच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मद्रासनं त्यांच्या नावानं एक करंडक सुरू केला. १९५२-५३ पासून मद्रास आणि सिलोन यांच्यात गोपालन करंडकाचा सामना होऊ लागला, एखाददुसरं वर्ष सोडता जवळपास दरवर्षी, कधी चेपॉकवर तर कधी कोलंबोत. सिलोनला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. त्यांच्या खेळाडूंना प्रथम श्रेणीचे सामने मिळण्याच्या वाटा थोड्या होत्या, त्यांतली ही एक. तीस वर्षं सिलोनच्या आणि मग श्रीलंकेच्या पिढ्या या करंडकासाठी समुद्र ओलांडून येत राहिल्या. श्रीलंकेला कसोटीचा दर्जा मिळाल्यावर १९८२ च्या सप्टेंबरमध्ये तिनं भारतातली आपली पहिली कसोटी चेपॉकवरच खेळली. दुलीप मेंडिस यांनी दोन्ही डावांत १०५ केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. त्यानंतर गोपालन करंडकाची गरज उरली नाही. १९८२-८३ नंतर तो बंद झाला.

गोपालन २१ डिसेंबर २००३ रोजी गेले. तेव्हा ते जगातल्या हयात कसोटीवीरांत सर्वांत वयोवृद्ध होते.